आईचा कापलेला प्रवेश

उल्रिका आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला आमच्या घराची लाज वाटत होती. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना स्वतःला सांभाळून घ्यायचा मोह होणार नाही. घर हॅमिल्टनला, कड्याच्या खालच्या अंगाला होतं. त्या कड्याला गावातले लोक 'माउंटन' म्हणत, आणि बाबांच्या बरोबर आलेले डॉक्टर-इंजिनिअर एकेक करून माउंटनवर मोठ्या घरांत राहायला गेले होते. आम्ही खालीच राहिलो, कारण बाबांना कारखाना जवळ हवा होता. ते पोलादाच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होते. सरोवरावरून वारा आला की खिडक्यांच्या चौकटींवर काळी भुकटी बसायची. आई रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायची आणि फडकं पिळता पिळता म्हणायची, "आमच्या सोलापुरात गिरणीचा धूर होता, पण निदान भोंगा तरी वाजायचा की. हितं नुसतीच काजळी."

आई लग्नाआधी नाटकात काम करायची. गिरणी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत तिला दोनदा अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. मला मात्र एवढंच दिसायचं, की मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात आईला दरवर्षी मोठं काम मिळतं आणि ती ते फार मोठ्यानं करते. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असत. आई हात छातीशी नेई, वाक्याच्या शेवटी आवाज चढवी, शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्दन् शब्द पोचवी. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली असे. घरातही तिचा आवाज तसाच भरलेला. शेंगाची चटणी ती खलबत्त्यातच कुटायची, मिक्सर होता तरी, आणि त्या ठोक्यांवर जुन्या नाटकांतली भाषणं म्हणायची. मी म्हणायची, "आई, प्लीज, द नेबर्स!" मी तिच्याशी इंग्लिशमध्येच बोलायची. ती मराठीत उत्तर द्यायची आणि दोघींचं भागत असे.

उल्रिकाला घरी मीच आणलं. ती पश्चिम जर्मनीतून एका वर्षासाठी आमच्या विद्यापीठात नाटक शिकवायला आली होती. तेव्हा त्यांचे दोन देश होते. वय असेल पस्तिसीचं, केस मुलासारखे कापलेले, अंगात रोज तोच काळा स्वेटर. एक बॅग कपड्यांची आणि दोन पुस्तकांच्या. पहिल्याच दिवशी बाबांनी तिला विचारलं, "तुम्ही नाटकात नेमकं काय करता?"

"मी ड्रामाटुर्ग आहे," ती म्हणाली. "नाटक मी लिहीत नाही, बसवतही नाही. आमच्याकडे प्रत्येक मोठ्या नाट्यगृहात माझ्यासारखी दोन-तीन माणसं नोकरीला असतात. कोणतं नाटक करायचं ते आम्ही वाचून ठरवतो. ते आज, या गावातल्या लोकांपुढे का करायचं, हे दिग्दर्शकाला विचारत राहतो. तालमीत बसतो. आणि जिथे नाटक चालायचं थांबतं, तिथे बोट ठेवतो."

बाबा विचार करून म्हणाले, "म्हणजे क्वालिटी कंट्रोल."

ती एवढी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी त्या क्षणी ठरवलं, की मला हेच व्हायचंय. नाटकात असायचं, पण कुणाला दिसायचं नाही. आईच्या नेमकं उलट.

शनिवारी उल्रिका बस पकडून किचनरला जाई. तिथल्या बाजारात जुन्या जर्मन लोकांची दुकानं होती. तिथून ती एकदा राय नावाच्या धान्याचं काळसर पीठ घेऊन आली आणि एका डब्यात त्यांचं क्वार्क. आईनं डब्यात बोट बुडवलं, चाटलं आणि ओरडली, "अगं, हा तर चक्का!" त्या संध्याकाळी आमच्याकडे श्रीखंड झालं, मला आठवतं तसं पहिल्यांदाच आंबट क्रीमचं नसलेलं. पिठाची तिनं उकड काढली आणि भाकरी थापली, मग ती मंद आचेवर कडक होईतो ठेवली. ज्वारी तेव्हा आम्हाला कुठेच मिळत नसे. उल्रिकानं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि म्हणाली, "आमच्याकडेही अशी कडक भाकरी असते." मग रोजच जेवायला ती वर यायला लागली. ओट्याला टेकून उभी राहायची आणि आईला प्रश्न विचारायची. आई अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी आणि उरलेलं हातांनी सांगायची. उल्रिका तिच्या तोंडाकडे जसं बघायची, तसं आमच्या घरात तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त मत्सर वाटला होता.

हिवाळ्यात उल्रिकानं विद्यापीठाच्या लहान नाट्यगृहात एक प्रयोग करायचं ठरवलं. नट नकोत, गावातली सहा माणसं हवीत, कारखान्याच्या आसऱ्यानं जगलेली. त्यांनी स्वतःची एकेक गोष्ट स्टेजवर सांगायची. आणि तिला आई हवी होती.

"मला इंग्लिश कुठं येतंय?" आई म्हणाली.

"तू मराठीत कर, मालती. शूबी आम्हाला अर्थ सांगेल." शूबी म्हणजे मी, शुभदा. "मला फक्त एवढंच हवंय. असं काहीतरी सांग, जे तू कोणत्याच भाषेत कुणाला सांगितलेलं नाहीस."

तिसऱ्या दिवशी दुपारी आई बेसमेंटमध्ये उतरली. इथल्या घरांत हीटिंगच्या पत्र्याच्या नळ्या खालपासून वरपर्यंत फिरलेल्या असतात आणि खालचं बोलणं वरच्या खोल्यांत जमिनीतल्या जाळीतून स्पष्ट ऐकू येतं. मी दिवाणखान्यात अभ्यास करत होते. बाबा रात्रपाळी करून उठले होते आणि पेपर वाचत बसले होते. जाळीतून आईचा आवाज यायला लागला.

तिनं इथल्या तिच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. पाचवा महिना होता. बाबा कामावर गेले आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. शेजारची म्हातारी दारापुढचा बर्फ उपसत होती, तिनं टॅक्सी बोलावून हिला हॉस्पिटलात सोडलं. नर्सनं विचारलं, "हाऊ आर यू, डिअर?" आणि आईच्या तोंडून निघालं, "फाइन, थँक यू." शाळेत घोकलेलं तेवढं एकच वाक्य तिच्या तोंडातून अखंड बाहेर पडत होतं. नर्स फिरून आली, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. साडीवर कोट होता, त्यामुळे खाली काय होतंय ते कुणाला दिसलं नाही. तीन तास ती खुर्चीवर बसून होती. आई ते वाक्य प्रत्येक वेळी वेगळं म्हणाली. आधी सभ्यपणे, मग घाईनं, मग दातांवर दात दाबून, आणि शेवटी अगदी हळू, जणू नर्सचीच समजूत घालत होती. मुलगा होता.

मूल गेलं हे बाबांना माहीत होतं. तीन तासांच्या त्या खुर्चीचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या हातातल्या पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही. मग ते उठले, बूट घातले आणि आधीच साफ असलेल्या ड्राइव्ह-वेवर बर्फाचं फावडं मारायला बाहेर गेले. त्या गोष्टीवर ते आईशी कधी बोलले की नाही, मला माहीत नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून तालमीला तिला तेच गाडीतून सोडायला लागले. आणि प्रयोगाच्या दिवसाची त्यांनी रजा टाकली. मी त्यांना गणपतीलासुद्धा रजा टाकताना पाहिलं नव्हतं.

मी उल्रिकाची सहायक झाले होते. तालमीत वही घेऊन तिच्या शेजारी बसायचं, सहाही जणांचं बोलणं टिपायचं, आईचं इंग्लिशमध्ये करून द्यायचं. उल्रिका सगळं कॅसेटवरही घेत असे. आई एखाद्या शाळकरी मुलीसारखी वेळेच्या आधी हजर असायची. पण स्टेजवर आली की तिच्या अंगात ती जिम यायची. तोच छातीवरचा हात, तोच चढलेला आवाज. माझ्या वर्गातली मुलं मागच्या रांगेत बसत. त्यांच्यातला एक जण माझ्याकडे बघून भुवया उडवून हसला. एवढंच झालं. अजून मोठं काही झालं असतं तर सांगायला बरं पडलं असतं.

प्रयोगाला तीन दिवस उरले असताना उल्रिका रिकाम्या नाट्यगृहात माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. "फार लांबलंय," ती म्हणाली. "एक माणूस कमी करावा लागेल. मी महिनाभर रोज बघतेय, माझी नजर मेलीय. तुझी अजून तरुण आहे. खरं सांग, हे कुठे थांबतं?"

मला कारखान्यातल्या निवृत्त फोरमनचं नाव घेता आलं असतं. तो एकच विनोद तीनदा सांगायचा. मी म्हणाले, "आईपाशी."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "का?"

"लोकांना भाषा कळणार नाही. आणि ती... ती ओव्हरअॅक्ट करते."

"तुला खात्री आहे?"

"हो."

उल्रिकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बोलायला धाडस लागतं, शूबी. ते शिकवता येत नाही." त्या हातानं मला केवढा आनंद झाला होता, ते आठवलं की आजही मला माझी किळस येते. परवा वॉन गावातल्या एका वेअरहाऊसमध्ये काम करून पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची, वाट बघणारी नाशिकची एक मुलगी मला भेटायला आली होती. तिला नाटकाचं शिकायचंय. "मॅडम, ड्रामाटुर्ग व्हायला काय लागतं?" तिनं विचारलं. मी तिला वाचनाची यादी दिली.

आईला सांगायचं काम उल्रिकानं स्वतःकडे घेतलं आणि ती लगेच बोलणार असं मी धरून चालले. ती बोलली नाही. आई तीनही दिवस ओट्यापाशी स्वतःशी पुटपुटत होती आणि मी जेवण उरकून लायब्ररीत पळत होते. प्रयोगाच्या दिवशी दुपारी आईनं इरकल साडी नेसली आणि केस धुऊन अंबाडा घातला. बाबांनी सूट घातला. नाट्यगृहाच्या दाराशी छापलेली पत्रकं ठेवली होती, आणि त्यांच्यावर पाचच नावं होती. आईनं ते पत्रक दोनदा वाचलं, मागची बाजू पाहिली. तेवढ्यात उल्रिका आली आणि तिला हाताला धरून आतल्या पॅसेजमध्ये घेऊन गेली. मी दिवे लावायच्या केबिनमध्ये होते, काचेतून मला दोघींच्या पाठी दिसत होत्या. पाच मिनिटंही नसतील. आई परत आली, बाबांच्या शेजारी बसली आणि पदर खांद्यावर नीट घेतला. प्रयोगभर ती योग्य जागी हसली, योग्य जागी टाळ्या वाजवल्या. फोरमनच्या विनोदालासुद्धा.

गाडीत बाबा म्हणाले, "काय झालं नेमकं? तुझं का नव्हतं?"

"लांबत होतं," आई म्हणाली. "बरं झालं नाटक. पोरांनी कष्ट घेतलेत."

पुढच्या गणपतीत मंडळाच्या लोकांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, गुडघे दुखतात. त्यानंतर तिनं तोंडाला रंग लावला नाही. भाषणंही थांबली. चटणी ती मिक्सरवर करायला लागली.

उल्रिका परत गेली. तिचा उत्कर्ष मी पत्रांतून आणि पुढे पेपरांतून बघत होते. आधी एका लहान गावातलं नाट्यगृह, मग एक मधलं, आणि भिंत पडल्यानंतरच्या वर्षांत एका मोठ्या शहरातल्या नामांकित नाट्यगृहाची प्रमुख ड्रामाटुर्ग. तिकडे ही नोकरी वर्षावर्षाच्या कराराची असते. नवा संचालक आला की जुने ड्रामाटुर्ग सामान बांधतात. उल्रिका तीन संचालकांना पुरून उरली. तिनं मला तिथे उमेदवारीला बोलावलं. मी जर्मन शिकले होते. आईनं विमानतळावर माझ्या बॅगेत शेंगाच्या चटणीचा डबा ठेवला आणि म्हणाली, "नीट काम कर."

तिथे माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. परदेशांत जाऊन राहिलेल्या बायकांवरचं नाटक, उल्रिकानं अनेक वर्षांच्या टिपणांतून जुळवलेलं. मी तेव्हा दुसऱ्या नाटकावर होते, त्यामुळे याच्या तालमींना गेले नव्हते. तिसऱ्या अंकात एक नावाजलेली नटी स्टेजवर आली, कोट घालून खुर्चीवर बसली आणि जर्मनमध्ये बोलायला लागली. पोटात दुखतंय. बर्फ उपसणारी म्हातारी. नर्स. मग ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "फाइन, थँक यू."

थिएटरात आठशे माणसं होती आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. तिनं हात मांडीवरून उचलले नाहीत. आवाज चढवला नाही. पण ते वाक्य ती प्रत्येक वेळी वेगळं म्हणाली, आईनं म्हटलं होतं त्याच क्रमानं. भाषा कळणार नाही, असं मी म्हणाले होते. त्या प्रवेशाचा सगळा जीव ज्या तीन शब्दांत होता ते पहिल्यापासून इंग्लिशच होते. हॅमिल्टनमधल्या एकूण एक माणसाला ते कळले असते.

माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, 'संभाषणांवर आधारित'. मी उल्रिकाच्या ऑफिसात गेले. तिच्या टेबलावर फुलं होती.

"ती माझ्या आईची गोष्ट आहे," मी म्हणाले.

"हो. तुझ्यापासून मी ते लपवलेलं नाही."

"तिला विचारलंस?"

"तिनं ती मला दिली होती. मला सांग शूबी, नाटक आज कुठे थांबलं?"

"नाही थांबलं."

"तेव्हा तुला ते थांबलंय असं वाटलं. मी तुझं ऐकलं, ती माझी चूक. इतकी वर्षं मी ती दुरुस्त करत होते." ती शांतपणे बोलत होती, आणि मला वाटतं, तिला खरंच तसं वाटत होतं. "आता काय करायचं म्हणतेस?"

माझा करार संपायला चार महिने उरले होते. पुढच्या नोकरीसाठी तिचं पत्र लागणार होतं. मी म्हणाले, "अभिनंदन." तिनं पत्र दिलं, फार चांगलं दिलं. मी त्या देशात अठरा वर्षं काम केलं. कुठे कापायचं ते मला कळतं, असा माझा लौकिक होता. आईला दर रविवारी फोन करायची, आणि त्या नटीबद्दल एक अक्षर बोलले नाही.

बाबा गेल्यावर मी परत आले. किचनरला घर घेतलं आणि आईला हॅमिल्टनहून इकडे आणलं. ऐंशी ओलांडली होती, पण डोकं लख्ख होतं. एका दुपारी ती खिडकीत मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. रिकामं नाट्यगृह, मी काय म्हणाले ते, आणि ती नटी.

आईनं मेथी खाली ठेवली नाही. "तू कापायला सांगितलंस ते मला ठाऊक आहे की," ती म्हणाली. "उल्रिकानं त्याच दिवशी सांगितलं. पॅसेजमध्ये. म्हणाली, युवर डॉटर डिसायडेड."

"मग तू इतकी वर्षं..."

"तू कधी बोलतीस ते बघत होते." तिनं एक काडी मोडली. "तिकडं कुणी ते केलं, हे मात्र माहीत नव्हतं. रडली का गं ती बाई, करताना?"

"नाही."

"बरोबर आहे. तिथं रडायचं नसतंच." दुसरी काडी उचलत ती म्हणाली, "मी रडायची. माझं चुकायचं ते."

मी फोन काढला. म्हणाले, "आई, एकदा म्हण ना. मी रेकॉर्ड करते. हवं तसं म्हण, हवं तेवढ्या मोठ्यानं."

तिनं फोनकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मला आधार वाटला असता. "विसरले मी," ती म्हणाली. लग्नातल्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं होतं ते तिला आठवायचं. मी पुन्हा आग्रह केला. तेव्हा ती म्हणाली, "कुणी दुसऱ्यानं मागितलं असतं, तर बघितलं असतं, शुभा." आणि मेथीची देठं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायला उठली.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. मी उल्रिकाला कॅसेटसाठी मेल केला. ती निवृत्त आहे, तिच्या लेखांचं एक पुस्तक निघालंय. तिनं फार आपुलकीनं उत्तर दिलं. घर बदलताना कॅसेट टाकून द्याव्या लागल्या, वाईट वाटतं, असं लिहिलं. माझी त्या वेळची वही तर मीच कधीतरी फेकून दिली होती. तिनं तो जर्मन प्रवेश तेवढा पाठवला. आता तो तेवढाच उरलाय. गेला महिनाभर मी रोज सकाळी तो पुढ्यात घेते आणि मराठीत आणायला बसते. पहिल्या वाक्यात ती बाई म्हणते, की पोटात काहीतरी खालच्या बाजूला ओढलं जातंय. आई हे कसं म्हणाली असेल? कळ म्हणाली असेल का? की ओढ? ओटीपोट म्हणाली, की सोलापुरी काही बोलली, जे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं आणि मी इंग्लिशमध्ये 'पेन' लिहून मोकळी झाले? महिनाभर रोज ते तिच्या तोंडून ऐकलंय मी. एकही शब्द आठवत नाही. कागदावर चार-पाच शब्द लिहिते, मोठ्यानं म्हणून बघते आणि खोडते.